नोकरी बदलताना कागदपत्रांचे प्रमाणीकरण
प्रश्न: मी परदेशात नोकरी बदलत असून नव्या कंपनीने पदवी प्रमाणपत्र आणि आधीचे अनुभवपत्र प्रमाणित करून मागितले आहे. पदवीवर पूर्वीच अपोस्टिल (हेग करारातील देशांत कागदपत्र ग्राह्य धरले जावे म्हणून दिले जाणारे सरकारी प्रमाणपत्र) घेतलेले आहे. ते पुन्हा घ्यावे लागेल का?

उत्तर १: १९६१ च्या हेग करारात अपोस्टिलला मुदत घातलेली नाही. तरीही कंपनीला विचारून घ्यावे.

उत्तर २: खरी अडचण अनुभवपत्राची आहे, कारण ते खासगी दस्तऐवज असल्याने बहुधा ज्या देशात दिले गेले तिथेच आधी नोटरीकडून साक्षांकित करून मग अपोस्टिल घ्यावे लागते. त्यामुळे राजीनाम्यापूर्वीच ते सही-शिक्क्यासह मिळवावे, ही कळकळीची विनंती.

उत्तर ३: नवा देश करारात नसेल तर अपोस्टिल चालत नाही, परराष्ट्र मंत्रालयानंतर त्या देशाच्या दूतावासाचेही प्रमाणीकरण लागते.