कोळशाच्या जुन्या संचांच्या जागी छोटी अणुभट्टी: ओलिताला दिवसा लाइन मिळेल का?

वावरधुरा (वर्धा जिल्हा)

राजेहो, पारावर सध्या हाच एक विषय आहे. एका गटाचं म्हणणं, चंद्रपूर, कोराडी, पारसचे कोळशाचे जुने संच मोडीत निघतील तिथंच 220 मेगावॅटची अणुभट्टी बसवा. जागा आहे, पाणी आहे, टॉवर लाइन आहे, वरून राखेची कटकट जाते. दुसऱ्या गटाला 'अणु' शब्द ऐकूनच ताप येतो. 2025 च्या केंद्रीय बजेटात 2047 पर्यंत 100 गिगावॅट अणुवीज आणि छोट्या भट्ट्यांच्या संशोधनाला 20 हजार कोटी आले, तेव्हापासून ग्रामसभेत ठराव घ्यायची भाषा सुरू आहे.

मला तीनच गोष्टी पाहिजेत. जुनं टर्बाइन कामात येईल का? पाणी किती लागेल? आणि हरभऱ्याला रात्री दोन वाजता पाणी द्यायला जाणं थांबेल का? पक्षाचं राजकारण नको, आकडे द्या.

वाफ_आणि_दाब

टर्बाइनचं उत्तर सरळ 'नाही' आहे. कोळशाच्या संचात वाफ साधारण 535-540 अंशांची, कोरडी, दाब 130 ते 170 बार. आपल्या जड पाण्याच्या 220 मेगावॅट भट्टीची वाफ साधारण 250 अंश, 40 बार, आणि ओलसर. अशा वाफेत थेंब असतात, ते पात्यांची धार खातात. म्हणून टर्बाइन वेगळं लागतं, मधे वाफेतलं पाणी काढायची यंत्रणा लागते, आणि तेवढ्याच विजेला वाफ कितीतरी जास्त लागते. कंडेन्सरही (वाफ थंड करून परत पाणी करणारी यंत्रणा) मग मोठा. जुन्या केंद्रातलं खरंच कामात येतं ते स्विचयार्ड (केंद्राची वीज टॉवर लाइनला जोडायचं आवार), 400 केव्हीच्या लाइनी, कच्च्या पाण्याची पाइपलाइन आणि रेल्वेचा फाटा.

पण त्याआधीच गाडी अडते ती जागेवर. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमात भट्टीभोवती किमान 1 किलोमीटरमध्ये वस्ती चालत नाही. 5 किलोमीटरपर्यंत गावं राहतात, शेती चालते, पण मोठी वाढ होऊ देत नाहीत. 16 किलोमीटरपर्यंत आणीबाणीचं नियोजन. 1990 च्या संहितेत तर 10 किलोमीटरच्या आत 10 हजारांवर आणि 30 किलोमीटरच्या आत लाखावर लोकवस्तीचं गाव नसावं, अशी अपेक्षा लिहिलेली होती. आता नकाशा काढा. चंद्रपूरचं केंद्र शहराला चिकटून, कोराडी-खापरखेडा नागपूरच्या कुशीत, पारसपासून अकोला 30 किलोमीटरच्या आत. छोट्या भट्टीला हे अंतर कमी करा अशी मागणी आहे, ती मान्य झाली तर बोलू. आज 'तीच जागा' हा मुद्दा पारावरच ठेवा.

नाला_खोलीकरण

पाण्याचा हिशेब मांडतो, कागद-पेन घ्या.

या भट्टीची कार्यक्षमता 29 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे 1 युनिट वीज निघाली की जवळपास 2.4 युनिट उष्णता कंडेन्सरमधून बाहेर टाकावी लागते. कोळशात थोडी उष्णता चिमणीतून जाते, म्हणून कंडेन्सरवर दीड युनिटच्या आसपास येते. कूलिंग टॉवर असेल तर भट्टीला दर युनिटमागे अडीच ते तीन लिटर पाणी नुसतं वाफ होऊन उडतं. 220 मेगावॅट चोवीस तास चालली की 52.8 लाख युनिट, म्हणजे दिवसाला साधारण 1.4 कोटी लिटर. वर्षाला 5 दलघमी (दशलक्ष घनमीटर) धरा. टॉवरमधून सोडून द्यावं लागणारं क्षाराचं पाणी वेगळंच.

हरभऱ्याला 6 सेंटिमीटरच्या तीन पाळ्या दिल्या तर हेक्टरी 1,800 घनमीटर लागतं. 5 दलघमीत पावणेतीन हजार हेक्टर हरभरा निघतो. कोळशालाही पाणी लागतंच, जुन्या केंद्रांना 2015 च्या नियमाने युनिटमागे 3.5 लिटरची मर्यादा आहे आणि राख वाहून न्यायचं पाणी त्यातच आलं. त्यामुळे 'अणु पाणी पितो, कोळसा पीत नाही' असं कोणी सांगत असेल तर खोटं आहे.

फरक दुसरीकडे आहे. 2013 च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं. कोळशाचा संच बंद केला की विषय संपला. भट्टी बंद केली तरी इंधन तापतच राहतं. 220 मेगावॅट भट्टीची औष्णिक ताकद साधारण 750 मेगावॅट, बंद केल्यावर तीन तासांनी त्याचा 1 टक्का उरतो, म्हणजे साडेसात मेगावॅट. ही उष्णता पाणी उकळून काढायची म्हटली तर तासाला 11 हजार लिटर, एक मोठा टँकर. दिवसाने निम्मं होतं, पण आठवडे चालतं. म्हणून मे महिन्यात धरण मृतसाठ्यावर गेलं तरी आवारात राखीव पाणी पाहिजेच, आणि ते दुसऱ्या कोणाला द्यायचं नाही.

मार्ग नाही असं नाही. कोराडीला नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी जातं. अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात पालो वर्देच्या तिन्ही भट्ट्या फिनिक्स शहराच्या सांडपाण्यावर थंड होतात. पण शहर जवळ पाहिजे, आणि वरचा नियम म्हणतो शहर लांब पाहिजे. घ्या आता!

काळी_माती

दोन्ही भाऊंचं बरोबर आहे, पण तराजूचं दुसरं पारडं कोणी भरलंच नाही. 220 मेगावॅट कोळशावर चालवायला रोज साडेतीन ते चार हजार टन कोळसा लागतो, एक अख्खी मालगाडी. त्यातली 35 टक्के राख धरली तरी 1,200 टनांच्या वर, रोज. तेवढ्याच ताकदीच्या भट्टीत 306 नळ्या, प्रत्येकीत 12 इंधनगठ्ठे. गठ्ठा हाताएवढा लांब, साधारण अर्धा मीटर, वजन सोळा-सतरा किलो. रोज असे आठेक बदलायचे, तेही भट्टी चालू ठेवून. वर्षाचं वापरलेलं इंधन 40 टनांच्या आसपास. ते आधी काही वर्षं पाण्याच्या हौदात राहतं, मग पुनर्प्रक्रियेला जातं, आणि उरलेला जहाल कचरा काचेत ओतून ठेवतात. ते काम तारापूरला चालतं.

धोका नाही असं म्हणत नाही. 31 मार्च 1993 ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुकेंद्रात टर्बाइनचं पातं तुटलं, हायड्रोजन पेटला, केबल जळाल्या आणि केंद्राची सगळी वीज सतरा तास गेली. डिझेलवरच्या अग्निशमन पंपांनी बाष्पजनित्रात पाणी सोडून भट्टी थंड ठेवली. केबलचे मार्ग वेगळे का ठेवायचे, हे त्यातूनच शिकलं गेलं. पण चंद्रपूरच्या हवेत जे रोज जातं त्याला अपघात म्हणत नाहीत, एवढंच. आणि सौर सौर करणाऱ्यांनी श्रावणातली आठ दिवसांची झड आठवावी.

डिओ_गेला

तिसरा प्रश्न सगळ्यांनी सोडला, आणि खरा तोच आहे.

भट्टी एका चालीत चालते. अशी भट्टी अचानक बंद पडली आणि अर्ध्या-पाऊण तासात परत उचलली नाही, तर आत झेनॉन (भट्टीची साखळी अडवणारा वायू) साचतो आणि दीड दिवस ती उचलता येत नाही. म्हणून चालवणारा ती कमी-जास्त करत नाही, दिवसा जेवढी तेवढीच रात्री. मग रात्रीची वीज खपवायला गिऱ्हाईक कोण? तुमचा मोटारपंप! अणुवीज वाढली तर रात्रीचं ओलीत थांबेल हे गणित उलटं आहे. दिवसा वीज उरते ती सौरची.

विदर्भात वीज कमी पडते म्हणून रात्री लाइन मिळते असंही नाही. चंद्रपूरहून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत 752 किलोमीटरची, 1,500 मेगावॅटची एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी) लाइन आहे. त्या टॉवरखालच्या वावरातला व्होल्टेज तिच्यामुळे एक व्होल्ट वाढला नाही.

अडतं ते डीपीवर, म्हणजे वावरातल्या ट्रान्सफॉर्मरवर. 5 एचपीची मोटार म्हणजे 3.7 किलोवॅट, मोटारीची घट धरून साडेचार, पॉवर फॅक्टर (ओढलेल्या भारातला खरा कामाचा वाटा) 0.8 धरला तर डीपीवर भार 5.6 केव्हीए. 63 केव्हीएच्या डीपीवर अशा 11 मोटारी बसतात. जोडलेल्या असतात 18-20. त्यात सगळ्यांना ऑटो स्विच. लाइन आली की सगळ्या एकदम उठतात, उठताना पाच-सहा पट करंट, डिओ (डीपीवरचा फ्यूज) उडतो. मग कोणी तरी फ्यूजच्या जागी जाड तार बांधतो. पुढच्या वेळी तार टिकते आणि डीपीचं वाइंडिंग जातं. अणुवीज असो की कोळसा, त्या तारेला फरक पडत नाही.

वावरधुरा

डिओ भाऊ, पटलं. मग ग्रामसभेत नेमकं काय लिहावं? आमच्याकडे डीपी 63 चीच आहे, जोडण्या 17, सगळ्या 5 एचपी.

डिओ_गेला

17 गुणिले 5.6, म्हणजे 95 केव्हीए. दीडपट भार. ठरावात 'डीपीची क्षमता 100 केव्हीए करावी' असं आकड्यासह लिहा, सोबत सतराही ग्राहक क्रमांक आणि मंजूर एचपी जोडा. नुसतं 'व्होल्टेज कमी' लिहिलेला अर्ज फाइलीत झोपतो. तोवर प्रत्येक मोटारीला 2 केव्हीएआरचा कॅपॅसिटर लावा, स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला, म्हणजे मोटार बंद झाली की तोही सुटेल. पॉवर फॅक्टर 0.95 च्या आसपास आला तर भार 80 वर येतो. ऑटो स्विच काढत नसाल तर किमान टायमर लावून एकेक मिनिटाच्या अंतराने मोटारी उठू द्या.

दुसरा ठराव मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा. सबस्टेशनपासून 5 किलोमीटरच्या आत पडीक जमीन असेल तर ती दाखवा. मेगावॅटला चार-पाच एकर लागतात, 2.0 योजनेत भाडं वर्षाला हेक्टरी सव्वा लाख आहे. ती वीज सबस्टेशनच्या 11 केव्हीवरच येते, 400 केव्हीचा फेरा नाही, आणि येते दिवसाच. फक्त फीडर (सबस्टेशनवरून निघणारी 11 केव्हीची लाइन) शेतीचा वेगळा केलेला आहे का ते आधी लाइनमनला विचारा. गावठाण आणि शेती एकाच फीडरवर असेल तर अर्ज तिथंच परत येतो.

वाफ_आणि_दाब

अणुभट्टीच्या ठरावाची घाई नको. गुजरातेतल्या काक्रापारच्या तिसऱ्या भट्टीचं पहिलं काँक्रीट 2010 ला पडलं, व्यापारी उत्पादन सुरू झालं 2023 ला. तेही आधी भट्ट्या असलेल्या जागेवर. तुमची डीपी तोवर किती वेळा जळेल, ते डिओ भाऊला विचारा.