देवगिरी ज्वालामुखी नाही, आणि गोगाबाबाच्या उतारावर खड्डे घेऊन झाडं लावायचीही गरज नाही

माळटिटवी
छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर देवगिरीचा, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्याच्या डोंगराचा फोटो आला. खाली ओळ : 'आपल्या शहराशेजारचा मृत ज्वालामुखी.' त्याच्या मागोमाग दुसरा मेसेज : यंदा गोगाबाबा टेकडीच्या उतारावर वृक्षारोपण, मे महिन्यात जेसीबीनं चर आणि खड्डे, जूनमध्ये रोपं. दोन्हींना भरभरून अंगठे. माझा दोन्हींना विरोध आहे, आणि कारण एकच आहे. डोंगर कशाचा बनलाय हे कुणी बघतच नाही.

टोकदार दिसला म्हणून डोंगर ज्वालामुखी होत नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा आला तो बहुतेक जमिनीला पडलेल्या लांबलचक भेगांतून. तो पातळ होता, लांबवर पसरला, थिजला. मध्ये काळ गेला की वर नवा थर. भाकरीची चवड रचावी तसं हे रचलं गेलं. मग पावसानं आणि ओढ्यांनी कडेकडेनं खाऊन टाकलं, मधला तुकडा उरला, तो देवगिरी. डोंगर वर आलेला नाही, आजूबाजूचं निघून गेलंय. आणि फोटोत ज्या उभ्या कड्यावर सगळे फिदा आहेत, तो जवळपास 50 मीटरचा कडा माणसांनी छिन्नीनं तासलाय. खंदकही कातळात कोरलेला. ज्वालामुखीचं श्रेय फुकट कशाला द्यायचं?

आता गोगाबाबा. वरच्या उतारावर पहार मारा, वीत-दीड वीत मुरूम, खाली टणक काळा पाषाण. पावसाळ्यात चिंब, डिसेंबरनंतर कोरडा ठणठणीत. अशा जागी टिकतं ते गवत : कुसळी, पवन्या, मारवेल. गवत असेल तिथं चंडोल, धाविक, पखुर्डी, ससा, घोरपड, नशीब असेल तर खोकड. एप्रिल-मे मध्ये सकाळी आठच्या सुमाराला एखाद्या धोंड्यावर नर सरडा चढून बसतो आणि गळ्याखालचा निळा-काळा-केशरी पंखा उघडझाप करतो. त्याला उघडा दगड लागतो, मादीला तो लांबून दिसावा लागतो. तिथं सुबाभूळ आणि गिरिपुष्प लावून आपण नक्की कुणाचं भलं करतोय?

जालनारोडकर
लेख छान, पण एसी खोलीतून लिहिलेला वाटतो. मे महिन्यात पारा 42 च्या वर जातो तेव्हा शहरात सावली शोधत फिरावं लागतं. मराठवाड्यात जंगल आधीच नावाला. लातूर जिल्ह्यात तर एक टक्कासुद्धा नाही. अशा ठिकाणी कुणी स्वतःच्या खर्चानं चार झाडं लावतोय तर त्यालाही 'नको' म्हणायचं?

आणि बिबट्याचं काय? डिसेंबर 2019 ला सिडको एन-1 मध्ये बिबट्या पकडला. डोंगरात झाडोरा असता तर तो बंगल्यांच्या रांगेत कशाला आला असता? तुमच्या चंडोलाला गवत पुरेल, बिबट्याला पुरत नाही.

खडकपारखी
भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून दोन्हीकडच्यांना थोडं टोचणार आहे.

माळटिटवी यांचं देवगिरीबद्दलचं म्हणणं बरोबर. ज्या भेगांतून लाव्हा आला त्यांच्या खुणा बघायच्या असतील तर धुळे-नंदुरबारकडे जा. तिथं भेगेतच थिजलेला लाव्हा आज भिंतीसारखा उभा आहे, मैलोन् मैल. आपल्याकडे आहेत ते प्रामुख्यानं वाहत आलेले थर.

पण 'वीत-दीड वीत मुरूम आणि खाली काळा पाषाण' हे सगळ्या डोंगराला लावू नका. थर एकसारखे नसतात. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट, वरचा भाग बुडबुड्यांनी भरलेला. विहिरी खोदणारे त्या भोकाभोकाच्या दगडाला मांजऱ्या म्हणतात. ती भोकं पुढं खनिजांनी भरली. आपल्या भागातल्या खाणींत स्टिल्बाइट, अपोफिलाइटचे स्फटिक निघतात ते यातूनच. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबडा पट्टा दिसतो. रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं गाडी थांबवून बघा, विटकरी रंगाची हातभर जाड रेघ असते, नखानं खरवडली तर भुगा होतो. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात खडक कुजून झालेली ती माती, वरच्या लाव्हानं भाजलेली. ती पाणी सहजी खाली जाऊ देत नाही. त्यामुळे वरून मुरलेलं पाणी बऱ्याचदा तिच्यावर अडतं आणि आडवं सरकत कडेला पाझरतं. डोंगराच्या कुशीत एकाच उंचीवर उंबर, करंज हिरवेगार दिसतात ना, तिथं खाली असं काहीतरी असतं. मलिक अंबरानं नहरी (जमिनीखालून पाणी आणणारे पाट) काढल्या, हर्सूलच्या बाजूचं पाणी मातीच्या नळांतून पाणचक्कीपर्यंत आलं, ते याच डोंगरांनी धरून ठेवलेल्या पाण्यावर.

तेव्हा 'झाड लावायचं की नाही' हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या थरावर लावताय ते सांगा.

औसेकर
सर, विषय निघालाच आहे तर विचारतो. आमच्याकडं जमिनीतून आवाज येतात. किल्लारीच्या वेळी मी नववीत होतो. तेव्हापासून गावात म्हातारी माणसं म्हणतात, खाली ज्वालामुखी जागा व्हायलाय. 2024 ला हिंगोलीकडं दोनदा धक्के बसले तेव्हा पुन्हा तेच सुरू झालं. तुम्ही म्हणता मृत पण नाही, ज्वालामुखीच नाही. मग आवाज कशाचा?

खडकपारखी
औसेकर, लाव्हाचा नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीत खोल विंधण घेतली. साडेतीनशे मीटरच्या आतच बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा पाषाण, संपला, आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना, नाईस जातीचा खडक लागला. भूकंप होतो तो त्या जुन्या खडकातल्या भेगांवर ताण साठून. भेग किंचित सरकली तरी जमिनीतून गडगड ऐकू येते, धक्का जाणवेलच असं नाही. भारतात आज जागा असलेला ज्वालामुखी अंदमानच्या बॅरन बेटावर आहे. म्हाताऱ्यांची भीती खोटी नाही, कारण चुकीचं आहे. घर मात्र भूकंप सोसेल असंच बांधा.

मेंढरामागं
मी सगळं वाचायलो. कुणीच चाऱ्याचं बोलंना. झाडं लावली की पहिलं काम काय होतंय? तारेचं कुंपण. मग आमचे मेंढरं हुसकायचे. दोन वर्षांनी रोपं वाळून जातेत, कुंपण तसंच राहतंय. 72 च्या दुष्काळात आमच्या बापानं याच माळावरचं गवत कापून जनावरं जगवले. लांडगा आमच्यामागं हिंडतो, एखादं कोकरू नेतो बी. आम्ही शिव्या घालतो, पण माळ मोडला की तो बी जाईल आन् आम्ही बी जाऊ.

जालनारोडकर
दादा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण चराईनंच टेकड्या बोडक्या झाल्या हेही खरं ना? आज जे 'नैसर्गिक माळरान' म्हणून मिरवताय ते शंभर-दोनशे वर्षांच्या तोडीनं आणि चराईनं झालेलं असेल तर?

माळटिटवी
काही ठिकाणी तसं असेल. पण माळावरच्या पाखरांचं सगळं वागणं उघड्या जमिनीला बेतलेलं आहे, ते दोनशे वर्षांत घडत नाही. माळटिटवी मार्च ते जूनच्या दरम्यान उघड्या मुरमावर अंडी घालते. घरटं असं नसतंच. बोटभर खळगा, कडेनं खडे, आणि खड्यांच्याच रंगाची ठिपकेदार अंडी. दोन पावलांवर उभं राहिलात तरी दिसत नाहीत. नेमक्या त्याच दिवसांत तुमचा जेसीबी चर काढायला येणार. चालवणाऱ्याला अंडी दिसणार नाहीत, त्याचा काही दोष नाही.

बिबट्याचं म्हणाल तर त्याला नाल्यातली झुडपं, कुत्री आणि डुकरं पुरतात. ती सगळी शहराच्या कडेला आपणच पुरवतोय.

दौलताबादी
आमच्या डोंगराचं नाव घेतलंत म्हणून लिहिते. सीताफळाचं झाड अमेरिकेतून आलेलं, तरी खडकाच्या भेगेत मूळ घालून फळतं, आणि हंगामात अख्ख्या गावाच्या घरात चार पैसे येतात. म्हणजे बाहेरचं झाड डोंगराला चालतच नाही असं काही नाही, माळटिटवी ताई. वानरं त्यावरच पोसलीत. किल्ल्याच्या अंधारीतल्या (काळोख्या भुयारी वाटेतल्या) वटवाघळांना तर झाडगवताचं काही पडलेलं नाही, त्यांना फक्त पर्यटकांनी मोबाईलचे झोत मारू नयेत. त्याबद्दल कुणी मोहीम काढेल का?

माळटिटवी
सीताफळ कुणी जेसीबीनं लावलं नव्हतं, ताई. पाखरांनी आणि माणसांनी बिया टाकल्या, जिथं भेग मिळाली तिथं रुजलं. माझा विरोध झाडाला नाही, सरसकट खड्ड्यांना आहे. वटवाघळांच्या मोहिमेत मला धरा.

जालनारोडकर
बरं, वाद बाजूला. आमच्या ग्रुपनं कडुलिंब आणि करंजाची रोपं आणून ठेवलीत. ती काय परत करायची?

खडकपारखी
परत कशाला? पावसाचा पहिला जोर ओसरला की टेकडीच्या पायथ्याला, नाल्याच्या दोन्ही काठांनी लावा. तिथं वाहून आलेली माती साठलेली असते, कमरेइतकं सहज खणता येतं. वरच्या पठाराला हात लावू नका. जेसीबी रद्द करून तो पैसा हिवाळ्यात जाळरेषा, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे, काढायला ठेवा. फेब्रुवारीत कुणीतरी विडी टाकतं, वाळलेलं गवत पेटतं आणि ती आग नाल्यातल्या रोपांपर्यंत उतरते.

मेंढरामागं
जाळरेषेचं गवत आम्ही कापून नेऊ, फुकट. फक्त कुंपण घालू नका.

जालनारोडकर
कुंपणाचं ग्रुपला विचारून सांगतो. तिथं दोघंतिघं लई हट्टी आहेत.