मदत हवी आहे: 24 वर्षं मुरलेली, 62 टक्क्यांची जमैकन रम बाबांना कशी द्यावी?

नमस्कार मंडळी,

मी लिव्हरपूलला असतो. पुढच्या महिन्यात सांगलीहून बाबा येताहेत. त्यांच्यासाठी जमैकातल्या ट्रेलॉनी परगण्यातल्या हॅम्पडेन डिस्टिलरीच्या रमची 100 मिलीची छोटी बाटली घेतली होती. 24 वर्षं मुरलेली आणि कास्क स्ट्रेंथ, म्हणजे पिंपातून काढल्यावर पाणी न घालता भरलेली. चव बघता बघता माझ्याकडून 40 मिली संपली. उरलेल्या 60 मध्ये चूक करायची नाही, म्हणून विचारतोय.

बाबा 30 वर्षं साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. घरी आले की शर्टाला मळीचा वास यायचा. स्पेंट वॉशच्या दुर्गंधीवरून आसपासच्या गावांची बोलणी त्यांनी आयुष्यभर ऐकली. आणि हॅम्पडेनला भट्टीत उरलेलं तेच काळं पाणी, ज्याला तिथे डंडर म्हणतात, मुद्दाम राखून पुढच्या आंबवणात घालतात! यीस्टही विकतचं नाही, हवेतलं. आंबवण आठवडा-दोन आठवडे चालतं, जीवाणू आम्लं तयार करतात, त्या आम्लांचे अल्कोहोलशी एस्टर, म्हणजे फळांसारखा उग्र वास देणारी द्रव्यं, बनतात. माझ्या बाटलीवर एचएलसीएफ ही खूण आहे, म्हणजे शंभर लिटर शुद्ध अल्कोहोलमागे 500 ते 700 ग्रॅम एस्टर. हे सगळं बाबांना घोटातून कळावं, एवढंच मला हवंय.

आता अडचण. पहिल्या दिवशी ओतली आणि लगेच तोंडाला लावली. नुसता नेलपॉलिशचा भपका, जीभ बधिर, पुढचं काही कळलंच नाही. दुसऱ्या खेपेला 15 मिली ओतून ग्लासवर बशी झाकली आणि अर्ध्या तासाने हुंगली. आधी अननस, अगदी सालीला डाग पडलेला. मग उतू चाललेला बरका फणस. त्याच्यामागून लोणच्याच्या बरणीतला जुना खार आणि किंचित जळकं रबर. सकाळी रिकाम्या ग्लासात काकवी आणि जुन्या लाकडी कपाटाचा वास होता. मला तो सर्वांत जास्त आवडला.

पाण्याचा हिशेब मी असा केलाय: 20 मिलीत 5 मिली, म्हणजे एक चहाचा चमचा पाणी घातलं की ती साधारण 50 टक्क्यांवर येते, 7 मिली घातलं की 46 वर. 50 ला अननस छान उघडला, 46 ला खार वर आला, पण रम थोडी गढूळ झाली. गाळणी न लावलेल्या रममधली तेलकट द्रव्यं पाण्याने बाहेर येतात, त्यामुळे ती बिघडली नाही हे माहीत आहे. प्रश्न चवीचा आहे. इतकी एस्टरवाली रम तुम्ही कुठे थांबवता? पाणी एकदम घालता की थेंबाथेंबाने, मध्ये दहा-दहा मिनिटं सोडून?

बाबांना 42.8 टक्क्यांची रम कोमट पाण्यातून घ्यायची सवय आहे. कोमट पाण्याने हिचा भपका आणखी उसळेल असं वाटतं. कुणी करून पाहिलंय का? की आधी दोन थेंब तळहातावर चोळून नुसता वास द्यावा? डिस्टिलरीतल्या माणसाला ते जमेल.

आणखी एक. बाटली आता अर्धीच भरलेली आहे. महिनाभर तशीच ठेवू, की काठोकाठ भरेल अशा लहान कुपीत ओतू? जमैकाच्या उन्हात पिंपातून वर्षाला 6 टक्क्यांच्या आसपास उडून जाते, इकडच्या थंडीत 2. तिथे 24 वर्षांत जेमतेम पाव पिंप उरलं असतं. ही इकडे मुरली म्हणून टिकली. आता माझ्या कपाटात तिचा वास उडायला नको.

सोबत खायला काय द्यावं तेही सांगा. बाबा भडंग आणणारच, पण तिखटाने जीभ आधीच पेटली तर रमचं काय कळणार? मी साधे भाजलेले काजू काढून ठेवलेत. भडंग नंतर.