मदत हवी आहे : जुन्या संगीताचे पूर्ण अल्बम विकत घ्यावेत की सुटी गाणी डाउनलोड करावीत?

नमस्कार.

माझे वडील ८१ वर्षांचे असून सांगलीला राहतात. चाळीस वर्षांत त्यांनी जमवलेल्या सुमारे दोनशे कॅसेट गेल्या पावसाळ्यात कपाटात ओल शिरल्यामुळे खराब झाल्या. बऱ्याच फितींना बुरशी लागली आहे आणि ज्या अजून चालतात त्यांचा आवाज दबलेला येतो. हा संग्रह रीतसर विकत घेऊन नव्याने उभा करावा आणि दिवाळीपर्यंत त्यांच्या हाती द्यावा, अशी माझी फार इच्छा आहे. त्यासाठी १२,००० रुपये मी बाजूला ठेवले आहेत.

वडिलांची दृष्टी अधू झाल्यामुळे ते मोबाइल वापरत नाहीत. पेनड्राइव्ह लावता येणारा एक लहान स्पीकर त्यांच्याकडे आहे आणि त्याची बटणे त्यांना हाताने चाचपून ओळखता येतात. त्यामुळे स्ट्रीमिंगची वर्गणी माझ्या कामाची नाही. ॲपमध्ये उतरवलेले गाणे त्या ॲपबाहेर वाजत नाही आणि वर्गणी थांबली की तेही बंद होते. मला पेनड्राइव्हवर ठेवता येईल अशी फाइलच हवी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सुमारे दहा वर्षांपूर्वी मी त्यांच्यासाठी एका ऑनलाइन दुकानातून गाणी घेतली होती. तेव्हा मी हिशेब असा केला होता की सुटे गाणे १५ रुपयांना आणि बारा गाण्यांचा अल्बम १२० रुपयांना मिळत असेल, तर आठपेक्षा कमी गाणी हवी असताना अल्बम घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे. त्या हिशेबाने मी प्रत्येक अल्बममधली दोन-तीन आवडती गाणी निवडत गेलो. किशोरी आमोणकर यांच्या भूप रागातली द्रुत (जलद लयीतली) बंदिश वडिलांना अत्यंत प्रिय आहे, म्हणून तीही घेतली आणि मोठ्या उत्साहाने त्यांना ऐकवली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि मग विचारले, “याच्या आधीचे कुठे आहे?”

याच्या आधीचे, म्हणजे त्याच रागातला संथ लयीचा विलंबित ख्याल, मी घेतलेलाच नव्हता. त्या दुकानात इतका लांबलचक भाग सुटा मिळत नसे, तो पूर्ण अल्बमबरोबरच घ्यावा लागे, आणि मी स्वस्त पडणारा तुकडा तेवढा उचलला होता. एकेका स्वराने राग उभा राहतो, आलापी हळूहळू वर सरकते, लय वाढत जाते आणि मग द्रुत बंदिश येते. ती वाढ ऐकलेली नसेल, तर द्रुत बंदिशीतला आनंद अर्धाच उरतो. हे मला वडिलांच्या त्या एका प्रश्नानंतर समजले आणि त्याची रुखरुख अजून आहे.

गीतरामायणाच्या बाबतीतही माझ्याकडून हेच घडले. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याला एक याप्रमाणे प्रसारित झालेल्या त्या ५६ गीतांपैकी मी लोकप्रिय अशी नऊ निवडली. वडिलांना मात्र ती कथाक्रमाने ऐकायची असतात. रोज दोन गीते ऐकून महिन्याभरात रामकथा पूर्ण करण्याचा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ होता.

मग सगळे पूर्णच घ्यावे, असे ठरवून मी पुन्हा शोध सुरू केला, तर वेगळीच अडचण समोर आली. नाट्यपदांचे आणि भावगीतांचे जे अल्बम विक्रीला आहेत, त्यांत तीच ती पदे निरनिराळ्या नावांखाली पुन्हा पुन्हा येतात. मी काढलेल्या यादीतले चार अल्बम घेतले, तर त्यांतली जवळजवळ निम्मी पदे दोनदा येतील. शिवाय बहुतेक ठिकाणी संगतकारांचे नाव दिलेले नसते. तबल्याला कोण आहे, हा वडिलांचा पहिला प्रश्न असतो आणि त्याचे उत्तर कॅसेटच्या वेष्टनावर सहज मिळत असे.

तेव्हा जाणकारांना विचारतो, की कोणते संगीत पूर्ण घ्यावे आणि कोणते सुटे घेतले तरी चालेल, हे ठरवण्याची काही खात्रीची पद्धत आहे का? आणि पूर्ण मैफल फाइलींमध्ये घेतली, तर एका भागातून दुसऱ्या भागात जाताना मध्येच जो खंड पडतो, तो कसा टाळावा?

प्रतिसाद १

नमस्कार. आपल्या वडिलांचा प्रश्न वाचून थांबलो. गाणे सुटे करताना नेमके काय गमावले जाते, ते त्यांनी चार शब्दांत सांगितले आहे.

माझा अनुभव सांगतो. अल्बम की सुटे गाणे, हे किमतीवरून न ठरवता ते संगीत प्रथम कोणत्या माध्यमासाठी ध्वनिमुद्रित झाले, यावरून ठरवावे. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर दीनानाथ यांची पदे ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांवर आली. त्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मावत, त्यामुळे रंगभूमीवर कितीतरी वेळ रंगणारे पद गायकाने त्या मर्यादेत बसवून, आरंभ आणि शेवट नेटका करून गायलेले असते. म्हणजे ती प्रत्येक बाजू स्वयंपूर्ण आहे. आज दिसणारे अशा पदांचे अल्बम हे कंपन्यांनी नंतर केलेले संकलन आहे. त्यातला क्रम गायकाने ठरवलेला नाही. ही पदे निःशंकपणे सुटी घ्यावीत, म्हणजे दुबार खरेदीही टळेल.

एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली आणि एका बाजूला वीस मिनिटांच्या आसपास जागा मिळाली, तेव्हा ख्याल विस्ताराने मांडणे शक्य झाले. तेथे विलंबित आणि द्रुत मिळून एकच मांडणी असते. विक्रीसाठी त्यांचे दोन भाग केले असले, तरी ते एकच गाणे समजून पूर्ण घ्यावे. पुढे मैफलींची जी थेट मुद्रणे कॅसेटवर आणि सीडीवर आली, त्यांनाही हेच लागू आहे. गीतरामायणाबद्दल तर वेगळे सांगायला नको. ते ५६ गीतांचेच घ्यावे.

भावगीतांमध्ये मात्र सावध राहावे, कारण काही गायकांनी आपलीच गीते पुढे नव्या वाद्यमेळासह पुन्हा मुद्रित केली आहेत. विकत घेण्याआधी गाण्याची लांबी पाहावी. मूळ तबकडी सव्वातीन मिनिटांची असताना विक्रीतले गाणे पाच मिनिटांचे दिसत असेल, तर ते बहुधा नंतरचे मुद्रण असते.

आपण आधी घेतलेली सुटी गाणी ॲपलच्या आयट्यून्स या दुकानातून घेतली असतील, तर एक सोय तपासून पाहावी. त्या दुकानात २००७ पासून, आधी घेतलेल्या गाण्यांची किंमत वजा करून उरलेला अल्बम घेता येतो. २००९ मध्ये तेथील संगीतावरचे कॉपी रोखणारे कुलूपही काढले गेले, त्यामुळे त्यानंतर घेतलेल्या फाइली आपल्या संगणकावरून कोठेही उतरवता येतात. आजचे काही कलाकार बँडकॅम्प या संकेतस्थळावरून आपले संगीत विकतात. तेथे पूर्ण अल्बम फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइलींच्या) स्वरूपात मिळतो आणि रकमेचा मोठा वाटा थेट कलाकाराला जातो.

प्रतिसाद २

मी खंड पडण्याविषयी लिहितो. एमपीथ्री फाइल तयार होताना तिच्या आरंभी आणि शेवटी अत्यल्प शांतता जोडली जाते. सुट्या गाण्यात ती जाणवत नाही, पण तानपुरा सलग चालू असताना विलंबितामधून द्रुतामध्ये जाताना कानाला झटका बसतो. फ्लॅकमध्ये ही शांतता नसते. म्हणून शक्य तेथे सीडी किंवा फ्लॅक घ्यावी, दोन्ही भाग संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये जोडून एकच सलग फाइल करावी आणि मगच पेनड्राइव्हसाठी तिची एमपीथ्री प्रत काढावी. तासाभराच्या सीडीला सुमारे ६३५ एमबी जागा लागते, फ्लॅकला साधारण त्याच्या निम्मी आणि ३२० केबीपीएसच्या एमपीथ्रीला १४४ एमबी. आजच्या पेनड्राइव्हवर जागेची चिंता करण्याचे कारण नाही, परंतु फ्लॅकची मूळ प्रत वेगळ्या डिस्कवर अवश्य जपून ठेवावी.

आणखी एक गोष्ट. अनेक लहान स्पीकर नावाच्या क्रमाने न वाजवता, फाइली ज्या क्रमाने पेनड्राइव्हवर चढवल्या त्या क्रमाने वाजवतात. गीतरामायण चढवताना फाइलींना ०१ ते ५६ असे क्रमांक द्यावेत आणि त्या एकेक करून त्याच क्रमाने चढवाव्यात. वडिलांना पडदा पाहून गाणे शोधायचे नाही, त्यामुळे हा क्रम बरोबर असणे फार महत्त्वाचे आहे.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मी सारी यादी नव्याने केली. नाट्यपदे चाळीस झाली आणि ती सुटी घेणार आहे. ख्यालगायनाचे चौदा अल्बम पूर्ण घेईन, त्यांतले जे सीडीवर मिळतील ते सीडीवरच. गीतरामायण संपूर्ण घेतले आहे आणि काल रात्री क्रमांक देऊन चढवूनही पाहिले. माझ्या घरच्या स्पीकरवर ते क्रमाने वाजते. वडिलांच्या स्पीकरवर तपासण्यासाठी येत्या रविवारी सांगलीला जात आहे. आधीच्या सुट्या खरेदीत पैसे वाचवण्याच्या नादात मी जे तुकडे केले होते, ते यातून भरून निघतील असे वाटते.

आता एकच काम राहिले आहे, ते संगतकारांच्या नावांचे. ज्यांच्याकडे शास्त्रीय गायनाच्या जुन्या एलपी किंवा कॅसेट वेष्टनासह शिल्लक असतील, त्यांनी कृपया मागील बाजूवरची तबला आणि हार्मोनियमच्या साथीदारांची नावे येथे लिहावीत. माझी अल्बमची यादी मी खालील प्रतिसादात देतो. मी प्रत्येक अल्बमच्या आरंभी ती नावे स्वतःच्या आवाजात मुद्रित करून जोडणार आहे, म्हणजे वडिलांना कोणाला विचारावे लागणार नाही.