राई, रहाटी, रान, झाडी: मोजणीच्या लेखात कोणता शब्द?

सडेकर: जुने नकाशे आणि उपग्रहचित्रं ताडून कोकणातल्या जुन्या झाडीवर संख्याशास्त्रीय लेख लिहायचाय. 'ऐतिहासिक वनखंड' फार सरकारी वाटतं. 'जुनं रान' चालेल?

खाजणकर: रत्नागिरीत चालेल. देशावर मात्र 'रानात गेलाय' म्हणजे शेतात गेलाय. 'जंगल'ची गंमत वेगळीच: आयुर्वेदातला 'जांगल' देश म्हणजे कमी पावसाचा, विरळ झाडांचा. त्याच्या उलट 'आनूप', म्हणजे आपलं कोकण!

सडेकर: मग सरळ 'राई'?

खाजणकर: आमराईही राईच की. देवाच्या नावानं राखलेली ती देवराई, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे देवरहाटी. म्हणून तक्त्यात दोन रकाने ठेवा: एकात कागदावरचा किंवा गावातला शब्द जसाच्या तसा, दुसऱ्यात तुमचा वर्ग. आधीच सगळ्याला 'वन' म्हटलंत तर कलमांची बाग आणि रहाटी पुन्हा वेगळी काढता येणार नाही.

पाणंद: चित्रावरही हाच घोळ होतो. हापूस-काजू बारमाही हिरवे, त्यामुळे पावसाळ्यानंतरच्या चित्रात बाग आणि राई सारखीच दिसते. मार्चचं चित्र जोडीला घ्या. राईतलं ऐनाचं झाड तेव्हा निष्पर्ण असतं. पण सदाहरित राई तरीही बागेत मिसळते, तिथे पायी जाऊनच बघावं लागतं. आणि मोजणीसाठी चित्र ज्या चौकोनांत विभागाल, ते चौकोन लहान घ्या. 250 मीटर बाजूचा चौकोन म्हणजे 6.25 हेक्टर, एकरभर राई (40 गुंठे, सुमारे 0.4 हेक्टर) त्यात साडेसहा टक्केच भरते आणि गायब होते.

सडेकर: वर्ग दोघांनी लावले, 90 टक्के जुळले. पुरे ना?

पाणंद: नाही. समजा 100 चौकोनांत दोघांनी प्रत्येकी 10 ठिकाणी 'राई' लिहिलं, त्यातले 5च समान. जुळणी 90 टक्के, पण निव्वळ योगायोगानंही 82 टक्के जुळलं असतं. योगायोग वजा करून जुळणी मोजणारा कोहेनचा कप्पा (1960) येतो (90−82)÷(100−82), म्हणजे 0.44. बेताचाच.

सडेकर: कप्पा म्हणजे खण?

पाणंद: नव्हे, ग्रीक अक्षर. लेखात 'कप्पा गुणांक' लिहा, नाहीतर वाचक कपाट शोधेल. अजून एक: शेजारचे चौकोन एकमेकांसारखेच असतात, म्हणून चित्रावरून राई ओळखणारं प्रारूप (मॉडेल) तपासायला सुटे चौकोन बाजूला काढू नका, अख्खी गावं काढा. नाहीतर अचूकता फुगते.

सडेकर: आणि शीर्षक?

खाजणकर: 'कोकणातली जुनी झाडी'. नुसतं 'झाडी' नको, झाडीपट्टी म्हटलं की पूर्व विदर्भ आठवतो.