६० हजारांत स्विंग ट्रेडिंग: एका शेअरमध्ये किती घालावे, फोन जवळ नसताना स्टॉपलॉस कसा लावावा?

घणसोली_उतार
राहायला कळवा, नोकरी महापे. बाजार उघडतो तेव्हा मी ठाणे-वाशी लोकलमध्ये असतो आणि कामावर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. जेवणाच्या सुट्टीत काय ती दहा-पंधरा मिनिटं मिळतात, म्हणून इंट्राडे (त्याच दिवशी घ्यायचं-विकायचं) बाद. ६०,००० रुपये बाजूला काढलेत, ते लगेच लागणार नाहीत. आठवडा ते महिनाभर शेअर धरायचा आणि काढायचा, असा विचार आहे. चार्ट वाचता येतो, पण पैशांचं गणित जमत नाही.

दहा शेअर घेऊन प्रत्येकी सहा हजार घालावेत, की दोन-तीनच घ्यावेत? दिवसभर फोन नसेल तर स्टॉपलॉसचं, म्हणजे भाव ठरल्याखाली घसरला की शेअर विकायच्या ऑर्डरचं, काय? महिन्याला पाच हजार सुटले तर मुलीच्या क्लासची फी निघेल, ही अपेक्षा रास्त आहे का? आणि बायकोच्या नावावर डिमॅट काढून तिथून व्यवहार केले तर कर वाचतो का? ती नोकरी करत नाही.

नौपाडा_हिशेब
आधी अपेक्षेचं बोलू, बाकी सगळं त्यावर ठरतं. ६० हजारांवर महिन्याला ५ हजार म्हणजे ८.३ टक्के, तेही दर महिन्याला. फीचा भार या पैशांवर टाकू नका. फीची तारीख जवळ आली की चार्टमध्ये नसलेला सौदाही दिसायला लागतो. रास्त आकडा कसा काढायचा ते शेवटी लिहितो.

किती शेअर घ्यायचे हे स्टॉपलॉसच्या अंतरावरून ठरतं. एका सौद्यात भांडवलाच्या १ टक्का, म्हणजे ६०० रुपये घालवायची तयारी धरा. समजा शेअर ४१२ ला घ्यायचाय. चार्टवर आधार (घसरण जिथे थांबते तो भाव) ३९५ च्या आसपास आहे आणि १४ दिवसांचा एटीआर (भाव दिवसाला सरासरी किती हलतो ते) ११ आहे. स्टॉपलॉस आधाराच्या थोडा खाली, ३९१ ला. अंतर २१ रुपये, म्हणजे एटीआरच्या दुपटीला थोडं कमी. रोजच्या हेलकाव्यात उडणार नाही इतकं ते आहे. ६०० भागिले २१ म्हणजे २८ शेअर. लागणारी रक्कम ११,५३६.

बहुतेक जण हे उलटं करतात. आधी ५० शेअर घ्यायचे ठरवतात आणि मग तोटा ६०० त बसावा म्हणून स्टॉपलॉस १२ रुपयांवर आणतात. एटीआर ११ असताना १२ रुपयांचा स्टॉपलॉस कुठल्याही साध्या दिवशी लागतो, आणि मग 'मी काढला आणि शेअर पळाला' अशी तक्रार होते.

आता खर्च. डिलिव्हरीत (शेअर डिमॅटमध्ये घेऊन ठेवायच्या सौद्यात) एसटीटी, म्हणजे शेअर व्यवहारावरचा सरकारी कर, खरेदीला ०.१ टक्का आणि विक्रीलाही ०.१ टक्का. खरेदीवर स्टॅम्प ड्युटी ०.०१५ टक्का. एक्स्चेंजचं शुल्क या रकमांना पैशांत जातं. खरा चावा डीपी चार्जचा. डिमॅटमधून शेअर बाहेर गेले की प्रत्येक कंपनीमागे, प्रत्येक दिवशी, ब्रोकरप्रमाणे साधारण १५ ते २५ रुपये लागतात. तुम्ही १ शेअर विका किंवा १,०००, तेवढेच.

डीपी १६ धरून वरच्या २८ शेअरचा येण्याजाण्याचा खर्च, ४५४ ला विकले तर, सुमारे ४३ रुपये. ४२ रुपयांच्या चालीवर १,१७६ मिळाले, त्यात हे सोसतं. पण तुमच्या सहा हजारांच्या सौद्यात हाच खर्च २९ च्या आसपास, म्हणजे जवळपास अर्धा टक्का. ब्रोकर डिलिव्हरीला प्रत्येक ऑर्डरमागे २० रुपये घेत असेल तर जीएसटी धरून आणखी ४७ रुपये आणि एकूण सव्वा टक्का. दहा तुकडे करू नका ते यासाठी. तीन ते पाच पोझिशन (एका वेळी चालू असलेले सौदे) पुरेत.

अर्धे आज, अर्धे उद्या असं विकलं तर डीपी चार्ज दोनदा लागतो. मोठ्या भांडवलाला हप्त्याने विकणं ठीक, २८ शेअरला एकदाच बाहेर पडा. आणि या सौद्यात ना नफा ना तोटा असा भाव ४१२ नाही, ४१३.५० च्या थोडा वर आहे. स्टॉपलॉस 'कॉस्टला', म्हणजे खरेदीच्या भावावर, आणताना हे लक्षात ठेवा.

आता तो आकडा. १०० पैकी ४० सौदे बरोबर आले, नफ्यात सरासरी १,२०० आणि तोट्यात ६००, तर एका सौद्यामागे ४८० वजा ३६०, म्हणजे १२० रुपये. खर्चाचे ४३ काढले की ७७. महिन्याला पाच सौदे झाले तर ३८५ रुपये, करापूर्वी. ही पद्धत चांगली चालली तरच, आणि काही महिने उणे जाणार हे धरून. पाच हजारांसाठी रिस्क ५ टक्क्यांवर नेली तर ओळीने पाच तोटे भांडवलातले २२ ते २३ टक्के खाऊन जातात. ६० टक्के सौदे तोट्यात जाणाऱ्या पद्धतीत असे पाच तोटे ओळीने येतात, त्यात विशेष काही नाही. १ टक्क्याने तेच पाच तोटे ५ टक्क्यांच्या आत राहतात.

सेक्टर_आठ_ऐरोली
हिशेबाशी सहमत. स्टॉपलॉसचं मी सांगतो, कारण फोन लॉकरमध्ये असणाऱ्याचं नुकसान तिथेच होतं.

साधी स्टॉपलॉस ऑर्डर दिवस संपला की रद्द होते. तुम्हाला जीटीटी लागेल, म्हणजे ठरलेला भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर; ती बहुतेक ब्रोकरांकडे वर्षभर टिकते. त्यातली ओसीओ घ्या: वर ४५४, खाली ३९१, एक लागली की दुसरी आपोआप रद्द. पण त्याआधी डीडीपीआय (विकलेले शेअर डिमॅटमधून काढायची ब्रोकरला एकदाच द्यायची परवानगी) देऊन ठेवा. ते नसेल तर शेअर विकताना टीपिन (डिमॅटचा पिन) आणि ओटीपीने मंजुरी द्यावी लागते. भर कामात जीटीटी लागली आणि मंजुरी नसली तर ऑर्डर रिजेक्ट होते. तुम्हाला कळतं संध्याकाळी.

ट्रिगर (ज्या भावाला ऑर्डर जागी होते) आणि लिमिट (ज्याच्या खाली विकायचं नाही तो भाव) एकच ठेवू नका. ट्रिगर ३९१ असेल तर लिमिट ३८३-३८४ ठेवा. भाव सरसर खाली येताना ३९१ ची लिमिट मागे राहून जाते.

तरीही गॅप-डाउनला, म्हणजे शेअर कालच्या भावापेक्षा एकदम खाली उघडला तर, हे पुरत नाही. शेअर ३७२ ला उघडला तर जीटीटी ट्रिगर होते, ३८४ ची विक्री ऑर्डर एक्स्चेंजला जाते, घेणारा कोणी नसतो. साडेतीनला ती ऑर्डर रद्द. जीटीटी मात्र 'वापरली' गेलेली असते, म्हणजे दुसऱ्या दिवशी तुमच्याकडे स्टॉपलॉसच नाही! नवख्या माणसाचं याकडे हमखास दुर्लक्ष होतं. रोज संध्याकाळी होल्डिंग आणि चालू जीटीटी समोरासमोर ठेवून बघा, प्रत्येक शेअरला एक जीटीटी आहे ना. स्प्लिट किंवा बोनस असला की अनेक ब्रोकर जीटीटी स्वतःच रद्द करतात, तेव्हाही हीच तपासणी कामाला येते.

वरच्या उदाहरणात ३७२ ला निघालात तर तोटा ५८८ नाही, १,१२० होतो. अशी मोठी गॅप बऱ्याचदा तिमाही निकालाने पडते. संचालक मंडळाच्या बैठकीची तारीख एक्स्चेंजच्या साइटवर आधी जाहीर होते. ती पुढच्या चार-पाच दिवसांत असेल तर नवा सौदा घेऊ नका. आधीपासून धरलेला असेल आणि पुरेसा नफ्यात नसेल तर निकालाआधी बाहेर पडा.

खरेदीची जीटीटीही जपून लावा. ट्रिगर ४१२, लिमिट ४१५ लावली आणि शेअर ४३० ला उघडला तर ऑर्डर पडून राहते. दुपारी ब्रेकआउट (अडलेला भाव ओलांडून वर जाणं) फसून भाव ४१५ ला खाली आला की नेमकी तेव्हा खरेदी होते. लोकलमध्ये असतानाच, सव्वानऊनंतर एकदा अ‍ॅप उघडा आणि भाव लिमिटच्या बराच वर असेल तर ऑर्डर काढून टाका.

कोपरी_पूर्व
थोडी भर. वरचं सगळं गणित शेअर विकता येतो हे गृहीत धरून आहे. ५ टक्के सर्किटच्या (दिवसात भाव तेवढाच हलू शकतो अशा) शेअरला लोअर सर्किट लागलं की खरेदीदारच नसतो, जीटीटी असो वा नसो. ओळीने तीन सर्किटं म्हणजे १४ टक्क्यांच्या वर गेले. म्हणून निफ्टी ५०० या मोठ्या कंपन्यांच्या यादीबाहेर जाऊ नका, रोजची उलाढाल किमान १० कोटी बघा, आणि एएसएम, जीएसएम (एक्स्चेंजच्या जादा देखरेखीच्या याद्या) किंवा ट्रेड-टू-ट्रेड (त्याच दिवशी परत विकता येत नाहीत असे शेअर) मधला शेअर सोडून द्या. एसएमईकडे (छोट्या कंपन्यांच्या शेअरकडे) वळूच नका, तिथे लॉटमध्येच (ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यात) घ्यावं लागतं आणि तुमचं बहुतेक भांडवल एका लॉटमध्ये अडकतं.

पोझिशनच्या संख्येबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पाच सरकारी बँका घेतल्या तर ती एकच पोझिशन आहे, रिस्क १ टक्का नाही, ५ टक्के. सुरुवातीला तीन, तीन वेगळ्या क्षेत्रांतल्या. निफ्टी निर्देशांक स्वतःच्या ५० दिवसांच्या सरासरीखाली असेल तर एकच, किंवा पैसे पडून राहू द्या. तेव्हा ब्रेकआउट फसण्याचं प्रमाण वाढतं आणि वरचे ४० टक्के गृहीत धरता येत नाहीत.

एमटीएफचं बटण दिसेल, उधारीवर जास्त शेअर घेता येतात. महिनाभर धरायच्या सौद्यात त्याचं व्याज रोज चढतं. दूर राहा.

घणसोली_उतार
फार उपयोगी पडलं. फी पगारातूनच भरेन. एक शंका राहिली: सकाळी घेतलेला शेअर त्याच दिवशी दुपारी स्टॉपलॉसला गेला तर? आणि बायकोच्या डिमॅटचं?

खातेवही
दोन्ही प्रश्न कराचे आहेत, म्हणून एकत्र.

त्याच दिवशी विकला तर तो सौदा डिलिव्हरीचा राहत नाही, तुम्ही डिलिव्हरी म्हणून घेतला असला तरी. डीपी चार्ज लागत नाही, एसटीटी फक्त विक्रीवर ०.०२५ टक्का. पण तो तोटा सट्ट्याच्या व्यवसायातला धरला जातो. डिलिव्हरीच्या नफ्यातून तो वजा होत नाही, फक्त तशाच सट्ट्याच्या नफ्यातून होतो, आणि ४ वर्षं पुढे नेता येतो. शिवाय रिटर्न आयटीआर-२ ऐवजी आयटीआर-३ भरावं लागतं. वर्षात असा एक सौदा झाला तरी. म्हणून काही जण पहिल्या दिवशी स्टॉपलॉस लावतच नाहीत. मी तो सल्ला देणार नाही. फॉर्म बदलला तर बदलू दे, भांडवल आधी.

डिलिव्हरीच्या अल्पकालीन नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून २० टक्के कर आहे, वर ४ टक्के सेस. तोटा झाला तर तो पगारातून वजा होत नाही, पण ८ वर्षं पुढे ओढता येतो, रिटर्न मुदतीत भरलं तरच. तोट्याच्या वर्षीच लोक रिटर्नला उशीर करतात आणि तो हक्क जातो.

वहिनींच्या नावाने फायदा होणार नाही. तुम्ही दिलेल्या पैशांवर त्यांच्या खात्यात झालेला नफा तुमच्याच उत्पन्नात जोडला जातो. पैसे त्यांचे स्वतःचे असतील, आधीच्या नोकरीतली बचत किंवा त्यांच्या आईवडिलांनी दिलेले, तर नफा त्यांचा. मग नव्या करप्रणालीतली २०२५-२६ ची ४ लाखांची मूळ सूट त्यांना मिळते आणि दुसरं उत्पन्न नसेल तर तेवढ्यात अल्पकालीन नफाही बसतो. पैसे कुठून आले त्याची बँकेतली नोंद मात्र स्वच्छ हवी.

तुमच्या स्वतःच्या नावावर एकच डिमॅट असेल तर ते बीएसडीएमध्ये (छोट्या गुंतवणूकदारांच्या सवलतीच्या डिमॅटमध्ये) आहे का ते ब्रोकरला विचारा. १ सप्टेंबर २०२४ पासून ४ लाखांपर्यंतच्या होल्डिंगला त्यात वार्षिक शुल्क नाही. दुसऱ्या ब्रोकरकडे तुमच्याच नावाने आणखी एक डिमॅट उघडलं की ही सवलत जाते.