मदत हवी आहे: म्हातारा कुत्रा रात्री अडीचला गळा काढतो, नक्की म्हणतोय काय तो?

नमस्कार, जरा लांबलचक लिहितेय, तीन आठवडे धड झोप नाहीये त्यामुळे विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

आमचा टिल्या साडेबारा वर्षांचा आहे, मध्यम आकाराचा, जातबीत काही नाही. आयुष्यभर कामापुरतं भुंकला, बेल वाजली की दोनदा भौ आणि विषय संपला. आता रोज रात्री दोन-अडीचला उठतो, हॉलमध्ये जातो आणि सुरू. भौ, मग थांबतो, मग परत एक भौ, असं अर्धा अर्धा तास, आणि मधेच मान वर करून ऊऊऊऊ असा लांब हेल की अंगावर काटा येतो. बाहेर कोणी नसतं, मी खिडकीतून बघितलंय, मांजर नाही माणूस नाही, बऱ्याचदा तोंड भिंतीकडेच असतं. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला की दचकतो, मग मला बघून शांत होतो, मी आडवी झाले की दहा मिनिटांत पुन्हा तेच.

दिवसा उलट पूर्वीपेक्षा शांत झालाय. बेल वाजली तरी उठत नाही, ढग गडगडले की पलंगाखाली घुसायचा तेही बंद झालं, मस्त घोरत असतो. म्हणजे भीतीबिती काही नसावी.

घरचे म्हणतात लाडावलाय. शेजारच्यांनी भुंकलं की झटका देणारा पट्टा सुचवलाय, तो मी लावणार नाही. जाणकारांनी सांगा, हे भुंकणं आहे की रडणं, आणि दोन्हीत फरक असतो का? (अशुभ आहे, घरात काहीतरी होणार, असं सांगणारे आधीच भेटलेत, इथे नको प्लीज.)

खोडरबर: एकदा दमात घ्या. आमचा पण असाच करायचा, दोनदा ओरडलो, बंद.

शेपूटवाली: खोडरबर, तुमचा बंद झाला कारण तो बहुतेक तरुण होता आणि कंटाळलेला होता. साडेबारा वर्षांचं कुत्रं अचानक नवीन सवय लावून घेत नाही हो. आणि दोघं ओरडायला लागले तर त्याला वाटणार मालकीणबाई पण सामील झाल्या.

मूळ प्रश्नाबद्दल. आवाजात तीन गोष्टी ऐकायच्या: सूर जाड की बारीक, घोगरा की मोकळा, आणि दोन भुंकण्यांमधे किती जागा. २००४ साली सोफिया यिन आणि ब्रेंडा मॅकोवन यांनी १० कुत्र्यांची ४६७२ भुंकणी तपासली होती. अनोळखी कोणी आलं की आवाज जाड, खरखरीत आणि एकामागोमाग एक धडाधड. एकटं कोंडलेलं कुत्रं भुंकतं ते बारीक, मोकळं आणि सुटं सुटं, एक भुंकणं, मग गॅप, मग दुसरं. तुम्ही लिहिलंय ते दुसऱ्यात बसतं, म्हणजे 'कोण आहे रे तिकडे' नसून 'कोणी आहे का' असं असावं. हेल म्हणजे त्याचाच लांबचा अवतार. लांडगे पांगलेल्या कळपाला हाक घालायला हेच करतात, आणि मोठा झालेला लांडगा भुंकतो क्वचितच.

आपल्याला हे शिकावं लागत नाही, तुम्हाला काटा आला ना? बुडापेस्टच्या संशोधकांनी माणसांना नुसती रेकॉर्डिंग ऐकवली तर ज्यांनी कधी कुत्रं पाळलं नव्हतं तेसुद्धा प्रसंग बऱ्यापैकी ओळखत होते. आणि मराठीत बघा, भुंकतं, गुरगुरतं, केकाटतं, विव्हळतं, कण्हतं, वसकन अंगावर येतं. एवढे शब्द असताना आपण डॉक्टरकडे जाऊन सांगतो काय, तर "खूप ओरडतो".

निशाचर७: अवांतर: आमची सायरन ऐकला की हेल काढते, रुग्णवाहिका लांब जाईपर्यंत. कान दुखत असतील का तिचे?

शेपूटवाली: दुखत असते तर पळाली असती, कोपऱ्यात घुसली असती. लांबवलेला चढता-उतरता सूर त्यांना दुसऱ्या कोणाच्या हेलासारखा वाटत असावा आणि ती ओ देते. २०२३ मधे बुडापेस्टलाच ६८ जातिवंत कुत्र्यांना लांडग्यांचे हेल ऐकवले होते, ज्या जाती जनुकांनी लांडग्याला जास्त जवळ त्यांनी हेलानेच जास्त उत्तर दिलं, आणि हा फरक दिसला पाच वर्षांपुढच्या कुत्र्यांत. बाकीची बरीचशी भुंकून मोकळी झाली.

तपासणी_टेबल: मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. ताई, सगळ्यांचं लक्ष रात्रीकडे आहे पण मला तुमचा दिवस खटकला. बेलला उठत नाही, ढगांना घाबरत नाही, हात लावला की दचकतो. हा शांत झालेला नाही, याला ऐकू येत नाहीये बहुधा. तो झोपलेला नसताना मागे उभं राहून किल्ल्यांचा जुडगा वाजवून बघा, हवा लागू द्यायची नाही, पाय आपटायचा नाही. वयाने कान जातात तेव्हा वरचे सूर जास्त जातात, त्यामुळे जाड आवाजाला एखादवेळी वळेल सुद्धा.

आता रात्रीचं. अंधार, आवाज नाही, बाजूला कोणी नाही, जाग आल्यावर त्याला घरात माणसं आहेत हे कळणार कसं? म्हणून हाक. पण एवढ्यावर थांबू नका. भिंतीकडे बघत उभं राहणं, दिवसा झोप आणि रात्री जाग, हे म्हातारपणी मेंदू थकल्याचंही लक्षण असतं. २००१ साली कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात ११-१२ वर्षांच्या कुत्र्यांपैकी २८ टक्क्यांत आणि १५-१६ वर्षांच्यात ६८ टक्क्यांत अशी निदान एका प्रकारची तरी खूण दिसली होती. शिवाय सांधेदुखी, रक्तदाब, लघवीची घाई. रात्री आडवं राहवत नाही म्हणून उठत असेल तर? आवाजावरून एवढं सगळं कळत नाही, हात लावून तपासावं लागतं. दोन-तीन रात्री मोबाईलवर व्हिडिओ घ्या, तो दाखवा. आणि कृपा करून घरातली माणसाची पेनकिलर देऊ नका, आयबुप्रोफेनने कुत्र्यांचं पोट आणि किडनी जाते.

पट्ट्याला नाही म्हणालात ते उत्तम केलंत. आधीच घाबरलेल्याला हाक मारल्याबद्दल झटका!

खोडरबर: ओके, मागे घेतो. पण मग आमचा दमात घेतल्यावर गुरगुरायचा पण थांबला होता, ते तरी चांगलंच ना?

तपासणी_टेबल: ते तर अजिबातच नाही. गुरगुरणं ही सूचना असते, ती मारून टाकली की पुढच्या वेळी सूचना न देता दात.

धागाकर्ती: किल्ल्या वाजवल्या. दोनदा. मान सुद्धा हलली नाही. मग स्टीलचं झाकण हातातून फरशीवर पडलं तेव्हा लगेच वळला, आवाजाने की हादऱ्याने माहीत नाही. मी तिथेच खाली बसले. इतके दिवस मी लांबून "टिल्या गप" ओरडत होते.

शेपूटवाली: अहो, सगळ्यांचं असंच होतं. ऐकू न येणारं कुत्रं घरच्यांना शहाणं झाल्यासारखं वाटतं.

धागाकर्ती: अपडेट. डॉक्टरांनी व्हिडिओ बघितला, तपासलं. कान जवळजवळ गेलेत, मागच्या कमरेत दुखतंय (हात लावला तर कण्हला, हा आवाज मी घरी कधी ऐकलाच नव्हता), रक्तदाब ठीक आहे, रक्ताचे रिपोर्ट यायचेत. मेंदूचं आत्ताच सांगता येणार नाही, आधी दुखणं कमी करून बघू म्हणाले. गोळी सुरू केलीये. त्याचं अंथरूण आमच्या खोलीत आणलंय, छोटा दिवा चालू ठेवतो, झोपण्याआधी उशिरा एक फेरी मारून आणतो, आणि उठवायचं असेल तर समोरून जाऊन, आधी अंथरुणावर थोपटून.

पाच रात्री झाल्या. तीन शांत. एका रात्री उठला, एकदा भौ केलं, मी मान वर केली, त्याने बघितलं, आणि गोल फिरून परत झोपला. काल मात्र पुन्हा वीस मिनिटं हेल होता, त्यामुळे सुटलो असं नाही म्हणणार.

आता पुढचा प्रश्न. हातवाऱ्यांनी 'ये', 'थांब' एवढं तरी या वयात शिकवता येतं का, आणि अंधारात काय करता, टॉर्च लुकलुकवून बोलावलं तर घाबरतील का? कोणी केलं असेल तर लिहा.